मुळांनाही श्वास हवा

अमृतमहोत्सवी वाढदिवसाला किंवा रुग्णालयातून घरी परतलेल्या ज्येष्ठांना हल्ली पुष्पगुच्छाऐवजी ऑर्किडची कुंडी भेट दिली जाते. रुंद, जाड पाने आणि लांब दांड्यावर फुलपाखरांसारखी ओळीने बसलेली पांढरी वा जांभळी फुले असलेले हे रोप बहुधा फॅलेनॉप्सिस जातीचे असते. फुले दोन-तीन महिने टिकतात. ती गळाली की घरातील तरुण मंडळी म्हणतात, ‘‘आता हे टाकून द्या.’’ आजी-आजोबांना मात्र ते टाकवत नाही. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना ते या कुंडीतही तांब्याभर पाणी घालतात. काही महिन्यांत पाने लुळी पडतात. रोपाला तहान लागली असे समजून पाणी आणखी वाढवले जाते आणि रोप मरते. मग मनाला उगाच टोचणी लागते, की आपल्या हातून आता एक झाडही जगत नाही.

वाचकहो, असे झाले असल्यास तो दोष आपल्या वयाचा नाही. मायेने घातलेल्या पाण्यात मुळे गुदमरली, एवढाच त्याचा अर्थ आहे.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. कोकणात किंवा आंबोलीच्या परिसरात ज्यांचे बालपण गेले, त्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर झाडाच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी पाहिली असेल. तीही आमरीच. पुष्कळांना ती बांडगूळ वाटते, पण बांडगूळ झाडाचा रस शोषते आणि आमरी फांदीचा केवळ आधार घेते. तिची मुळे उघड्या हवेत असतात; पावसाने भिजतात आणि वाऱ्याने लगेच सुकतात. फॅलेनॉप्सिसचा स्वभावही असाच आहे. तिच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी चटकन टिपते आणि हळूहळू आत पोहोचवते. कोरडे असताना मूळ रुपेरी दिसते, भिजले की हिरवे होते. हे आवरण सतत ओले राहिले, तर हवा मिळेनाशी होऊन मूळ कुजते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही; म्हणून भरपूर पाणी असूनही पाने तहानल्यासारखी लुळी पडतात. आपली फसगत होते ती इथेच.

यासाठी दीड-दोन वर्षांनी कुंडी बदलावी लागते. कुंडीतील सालीचे तुकडे तोवर कुजून भुगा होतात आणि पाणी धरून ठेवू लागतात. फुले गळून गेल्यावर, नव्या मुळाचे हिरवे टोक दिसू लागले की ही वेळ योग्य समजावी. ऐन मे महिन्याचा उन्हाळा टाळावा.

आदल्या दिवशी नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे पाण्यात भिजत घालावेत आणि ते पाणी टाकून द्यावे. त्यात लोणारी कोळशाचे तुकडे मिसळावेत. माती मुळीच घालू नये. कामाला बसताना जमिनीवर उकिडवे न बसता टेबलावर वर्तमानपत्र पसरून खुर्चीत बसावे. हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी. जुना भुगा कोरडा असेल तर प्रथम पाणी शिंपडावे, म्हणजे धूळ नाकातोंडात जाणार नाही. दमा असणाऱ्यांनी किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी झालेल्यांनी भुगा झटकण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. मधुमेही आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी कात्री जपून हाताळावी. कात्री स्पिरिटने पुसून घ्यावी. ते करताना जवळपास निरांजन वा शेगडी पेटलेली नसावी.

रोप कुंडीतून अलगद काढावे. मुळे कुंडीला घट्ट चिकटली असतील तर थोडा वेळ पाण्यात भिजवावीत, मग ती लवचीक होतात. त्यानंतर एकेक मूळ दोन बोटांत धरून हलकेच दाबावे. निरोगी मूळ भरीव आणि टणक लागते. कुजलेले मूळ तपकिरी, पिचपिचीत किंवा पोकळ असते. त्याचे साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो. तेवढेच कापावे. दृष्टी मंद झाली असली तरी हे काम अडत नाही, कारण त्यात डोळ्यांपेक्षा बोटे अधिक सांगतात.

नवी कुंडी मुळे जेमतेम मावतील एवढीच, तळाला भरपूर भोके असलेली घ्यावी. मोठी कुंडी फार काळ ओली राहते. खालचे पान मिश्रणाच्या वर राहील अशा बेताने रोप बसवून भोवती तुकडे भरावेत. बाहेर वाढलेली हवाई मुळे बळेच आत कोंबू नयेत. कापलेल्या जागा सुकण्यासाठी तीन-चार दिवस पाणी घालू नये. महिनाभर खतही नको. थेट ऊन न येणाऱ्या, पण उजेडाच्या खिडकीत कुंडी ठेवावी. काही आठवडे पाने मलूल दिसतील. त्या वेळी पाण्याचा तांब्या दूर ठेवणे, हीच खरी शुश्रूषा होय.

पुढे पाण्याचा वार ठरवण्यापेक्षा कुंडी उचलून पाहावी. हलकी लागली आणि मुळे रुपेरी दिसली, तरच पाणी द्यावे. ते तळातून पूर्ण निथळू द्यावे आणि पानांच्या बेचक्यात साचू देऊ नये. पावसाळ्यात हे अंतर आणखी वाढते.

आता काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांसाठी दोन शब्द. ‘‘आई, तुम्ही राहू द्या, मी करते’’ असे आपण प्रेमानेच म्हणतो. पण दिवसभरातील प्रत्येक काम असे हातातून काढून घेतले, तर त्या माणसाला करण्याजोगे काही उरत नाही. हात कापत असतील तर कात्री आपण चालवावी. मात्र कोणते मूळ कापायचे हे त्यांनी बोटांनी चाचपून सांगावे. विस्मरणामुळे दिवसातून दोनदा पाणी घातले जात असेल, तर रागावू नये. कुंडीशेजारी दिनदर्शिका टांगावी आणि पाणी दिलेल्या दिवसावर त्यांच्याच हाताने खूण करवून घ्यावी. काम अर्ध्या तासात संपले नाही तरी बिघडत नाही. थोडे थांबून, चहा घेऊन पुन्हा बसावे. शेवटी साबणाने हात स्वच्छ धुवावेत.

येत्या पंधरवड्यात एवढेच करावे. कोपऱ्यात टाकलेली ती कुंडी दोघांनी मिळून टेबलावर घ्यावी आणि मुळे तपासावीत. फुलांचा दांडा सुकला असला, सगळी पाने लुळी असली, तरी दोन-तीन मुळे टणक लागली तर रोप टाकू नये. त्याला जगवण्याइतका आधार अजून शिल्लक आहे.