फॉर्मॅट न होणारी डिस्क

बंगळूरमध्ये टाऊन हॉलपासून जवळच सदर पत्रप्पा रस्ता आहे. संगणकाशी संबंध असलेले सारे त्याला एस. पी. रोड म्हणतात. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना केबल, मेमरी, जुने-नवे सुटे भाग यांची दुकाने. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क फॉर्मॅट होत नाही म्हणून जो अशा दुकानात जातो, त्याला जाणता कारागीर आधी एकच प्रश्न विचारील : आत काय आहे?

प्रश्न अगदी योग्य आहे. कारण पुष्कळदा फॉर्मॅट करण्याची कल्पना माणसाची नसतेच, संगणकाची असते. ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉर्मॅट करा’ असा संदेश पडद्यावर येतो आणि घाबरून ‘होय’ दाबले जाते. त्या संदेशाचा अर्थ एवढाच, की संगणकाला डिस्कची मांडणी वाचता आली नाही. मुलीच्या लग्नाचे फोटो आत शाबूत असू शकतात. तेव्हा ‘रद्द’ दाबावे. डिस्क टकटक आवाज करीत असेल तर ती लगेच काढून ठेवावी आणि माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच न्यावी. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नये. आत दमट हवेचे पाणी होते आणि उरलीसुरली आशाही जाते.

आतले काही नको असेल, तर मग दुरुस्तीला हात घालावा. पहिला संशय केबलवर घ्यावा. खिशात मावणारी डिस्क वीजही यूएसबीतूनच घेते. यूएसबी २.० चे छिद्र ५०० मिलीअँपिअर देते, ३.० चे ९००. लांब, बारीक केबल किंवा चार फाटे फुटलेला हब असला की डिस्क अर्धपोटी राहते आणि फॉर्मॅट मध्येच थांबते. आखूड केबलने ती थेट संगणकाला जोडून पाहावी.

डिस्क पूर्वी टीव्हीला किंवा मॅकला जोडलेली असेल, तर विंडोजला तिची मांडणी उमगत नाही. अशा वेळी ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तिथे ती दिसली, तर जुना विभाग पुसून नवा करता येतो. मात्र आकार पाहूनच डिस्क निवडावी. शून्य क्रमांकाची डिस्क बहुधा संगणकाची स्वतःची असते! ‘डिस्कपार्ट’मधील ‘क्लीन’ ही आज्ञा तर आणखी धोक्याची, ती ‘नक्की ना?’ असे विचारतही नाही.

फॅट३२ हवे असूनही विंडोज देत नाही, ही तक्रारही नेहमीची. फॉर्मॅटच्या चौकटीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कसाठी तो पर्याय अनेक वर्षे नव्हताच. शिवाय फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाईल बसत नाही, म्हणजे लग्नाची लांबलचक चित्रफीत अडणारच. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे डिस्क चालवायची असेल तर एक्सफॅट घ्यावे.

काही वेळा तर बिघाड नसतोच, नुसती घाई असते. ‘क्विक’ फॉर्मॅट क्षणात होते. पूर्ण फॉर्मॅट मात्र व्हिस्टापासून डिस्कभर शून्ये लिहिते. १ टीबीची डिस्क, यूएसबी २.० आणि सेकंदाला ३० एमबीचा वेग धरला तर नऊ तासांहून अधिक वेळ लागतो. रात्री लावून झोपावे.

केबल बदलली, दुसरा संगणक पाहिला, तरीही ‘आय/ओ डिव्हाइस एरर’ येत असेल, तर डिस्कच निकामी होत चालली आहे. ती मारूनमुटकून फॉर्मॅट झालीच, तरी तिच्यावर पुन्हा काही ठेवू नये. आणि भंगारवाल्याला तशीच देऊ नये. फॉर्मॅट न झालेल्या डिस्कवर बँकेचे कागद, पॅनकार्डाची प्रत तशीच असते. आतल्या तबकड्यांना ड्रिलने दोन-चार भोके पाडून घ्यावीत आणि मगच ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी.