खुनी कसा दिसतो?

रहस्यकथा वाचणे हा आपल्याकडे अजूनही काहीसा चोरून करण्याचा उद्योग समजला जातो. वर्गात चर्चा होते ती सामाजिक, ग्रामीण, दलित कादंबरीची. खुनाची पुस्तके उशीखाली. याच समजुतीने मी केलेब कार या अमेरिकन लेखकाची ‘द एलियनिस्ट’ (१९९४) ही कादंबरी सुट्टीत वाचायला घेतली. ती संपली तेव्हा मात्र करमणुकीऐवजी थोडी लाजच पदरी आली होती. ती का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

कथा घडते १८९६ सालच्या न्यूयॉर्कमध्ये. परदेशांतून पोटासाठी आलेल्या गरीब कुटुंबांतली, मुलींच्या वेषात शरीरविक्रय करणारी कोवळी मुले एकामागून एक क्रूरपणे मारली जात आहेत. पोलिसांना त्याचे सोयरसुतक नाही. अशा वेळी पोलीस आयुक्त मंडळाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट (हेच पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले) हा तपास गुप्तपणे डॉ. लॅझ्लो क्राइझलर यांच्याकडे सोपवतात. रूझवेल्ट इतिहासातले, क्राइझलर लेखकाच्या कल्पनेतले. मनोरुग्ण हा समाजापासून आणि स्वतःच्या मूळ स्वभावापासून दुरावलेला असतो, अशी त्या काळची समजूत होती. ‘दुरावलेल्यां’चा अभ्यासक तो एलियनिस्ट. क्राइझलर संशयितांची यादी घेऊन बसत नाहीत. जखमा, जागा, तारखा, खुन्याचे एक पत्र यांवरून ते त्या अज्ञात माणसाचे मन आधी उभे करतात आणि मग त्या मनाचा माणूस शोधायला निघतात.

हे सारे लेखकाच्या पदरचे आहे असे मात्र नाही. त्या काळात दोन विचार एकमेकांसमोर उभे होते. इटलीच्या लोंब्रोझोने १८७६ साली ग्रंथ लिहून सांगितले की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो. त्याची कवटी, त्याचा जबडा पाहून तो ओळखावा. याउलट १८८८ साली लंडनमधील व्हाइटचॅपलच्या खुनांवर डॉ. थॉमस बाँड यांनी पोलिसांना अहवाल दिला. देहांवरील जखमा तपासून त्यांनी अंदाज बांधला की खुनी अंगाने बळकट आणि थंड डोक्याचा असावा. पण दिसायला बहुधा शांत, निरुपद्रवी, नीटनेटक्या कपड्यांतला गृहस्थ असावा. लोंब्रोझो चेहऱ्यावरून गुन्ह्याकडे गेला. बाँड गुन्ह्यावरून माणसाकडे गेले. कारची कादंबरी बाँडच्या वाटेने चालते.

खुन्याचे बालपण उलगडून लेखक त्याला सहानुभूती मिळवून देतो, असा आक्षेप माझ्या एका मित्राने घेतला. मला तो पटत नाही. समजून घेणे म्हणजे माफ करणे नव्हे. क्राइझलर त्याला समजून घेतात ते पुढचे मूल वाचावे म्हणून. माझी तक्रार वेगळी आहे. बालपणीच्या छळात सगळे उत्तर सापडते, असे कादंबरी फार खात्रीने सांगते. छळ सोसलेली मुले पुष्कळ असतात. खुनी त्यांतला एखादाच होतो. खुद्द क्राइझलर यांनीही वडिलांचा क्रूर मार खाल्लेला आहे. तरी ते डॉक्टर झाले, खुनी झाले नाहीत. हा प्रश्न कादंबरी उभा करते आणि तिथेच सोडते.

पण मला लाज वाटली ती याच्याही पलीकडच्या गोष्टीने. लोंब्रोझोचा ग्रंथ यायच्या पाच वर्षे आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने आपल्या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. एखाद्या जमातीत जन्म झाला एवढ्यावरून माणसांची नोंद झाली, हजेरी लागली. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. कायदा १९५२ साली गेला आणि ही माणसे ‘विमुक्त’ झाली. कागदावर.

गेल्या वर्षी आमच्या वसतिगृहात मेसच्या वर्गणीचे पैसे नाहीसे झाले. अर्ध्या तासात आम्ही चोर ठरवला होता. तो पारधी समाजाचा होता, एवढाच आमचा पुरावा. त्याची बॅग उपडी केली, गादी उचलली. गादीचे एक टोक माझ्या हातात होते. आठ दिवसांनी पैसे सापडले ते मेसच्याच जुन्या वहीत. ठेवणाऱ्याच्याच लक्षात राहिले नव्हते. म्हणजे चोरीच झाली नव्हती, आणि चोर मात्र आम्ही धरला होता. त्या रात्री तो काही बोलला नाही. एकेक कपडा उचलून, नीट घडी करून पुन्हा बॅगेत ठेवत राहिला. पुढच्या महिन्यात त्याने गावात खोली घेतली.

मानसशास्त्राचे तीन पेपर देऊन मला जे कळले नव्हते ते एका रहस्यकथेने शिकवले. माणसाचे मन ओळखायचे तर आधी समोर काय घडले आहे ते पाहावे लागते; आम्ही तेवढेही पाहिले नव्हते. आम्ही नुसती जात पाहिली.

त्याची माफी मागण्याचा धीर मला अजून झालेला नाही. हा अंक त्याच्याही हाती पडेल.