पाण्याला वाट आहे, माणसाला नाही!

मावळाला रस्ते नाहीत असे आम्ही म्हटले, तर पुण्या-मुंबईचे शहाणे आम्हांस वेड्यात काढतील. 1830 साली बोरघाटाची सडक झाली. 1863 साली त्याच घाटात आगगाडी चढली. ती चढविताना हजारो मजूर रोगराईने व अपघाताने मेले. 2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. तेवढ्याने भागेना, म्हणून वीस-पंचवीस मिनिटे वाचविण्यासाठी खोपोली ते कुसगाव नवा मार्ग डोंगर पोखरून बांधायला घेतला. मग उणे काय? उणे एवढेच की, हे रस्ते मावळातून जातात. मावळासाठी एकही नाही! द्रुतगती मार्गावर दुचाकीस बंदी, ट्रॅक्टरास बंदी, बैलगाडीस बंदी. जमीन कुणब्याची, वाट मोटारवाल्याची!

आंदर मावळाचेच पाहा. वर कुसूर, पुणे जिल्हा. खाली भिवपुरी, रायगड जिल्हा. मध्ये कुसूर घाट. पूर्वी याच घाटाने देश व कोकण यांचे दळणवळण चाले. आज तेथे पायवाटच आहे. गाडीने जायचे तर कान्हे, लोणावळा, खोपोली, कर्जत असा वळसा. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी या हद्दीवरच्या गावांची गत!

आणि ठोकरवाडी धरणाचे पाणी? ते 1922 पासून हाच डोंगर उतरून भिवपुरीस जाते, तेथे वीज होते व मुंबई उजळते. पाण्याला जिल्ह्याची हद्द आडवी आली नाही. माणसालाच का यावी?

कोणी म्हणेल, तिकडे वस्ती थोडी, खर्च परवडत नाही. धरणासाठी जमिनी घेताना वस्ती थोडी म्हणून कोणी हात आखडला होता काय? आम्ही मास्तर लोक रोज पाहतो की, जेथे एस.टी. वेळेवर येत नाही, तेथे आधी मुलीची शाळा सुटते. हा खर्च कोणाच्या वहीत मांडला जातो?

दुसरे म्हणतील, रस्ता आला की डोंगर खचतील व भातखाचरांवर बंगले उठतील. हे भय खरे आहे. लोणावळ्याभोवती ते डोळ्यांनी दिसते. म्हणूनच आम्ही रुंद सडक मागत नाही. शाळेच्या व बाजाराच्या वेळी खांडी-कुसूरपर्यंत नेमाने येणारी एस.टी. द्या. घाटाची पायवाट दगडाने बांधून काढा व खाली भिवपुरीसही गाडी उभी ठेवा. नदी-ओढ्यांवरचे पूल पावसाळ्याआधी तपासा. 15 जून 2025 रोजी कुंडमळ्यास इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून चार जीव गेले. पूल धोक्याचा आहे हे ठाऊक होते. नवा पूल मात्र कागदावरच होता. कागदी पुलावरून कोणी नदी ओलांडत नाही.

बांधवांनो, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. येत्या ग्रामसभेत या तीन मागण्यांचा ठराव करा. कुणबी, ठाकर, कोळी, कुंभार, लोहार, सारे मिळून सही-अंगठा करा. ठरावाची एक प्रत पुण्यास व दुसरी अलिबागेस धाडा, म्हणजे एका कचेरीस दुसरीकडे बोट दाखविता येणार नाही. आणि मते मागायला जो येईल त्याला एकच विचारा: आमच्या गावाला एस.टी. किती वाजता येते, सांगता काय?