आधी पाण्याची वाट पाहा, मग कुदळ उचला

ब्रिटनमधल्या बंद कोळसाखाणींचे पाणी जमिनीवर येते तेव्हा बहुधा नितळ दिसते. हवा लागली की त्यात विरघळलेले लोह नारिंगी गाळ होऊन ओढ्याचा तळ झाकते आणि तिथले जलकीटक गुदमरतात. पंप थांबले, खाणी पाण्याने भरल्या, पायराइटमधले लोह त्यात उतरले. म्हणून तिथे गाळ निवळण्याची तळी बांधली जातात.

तळे कमी पडले की पहिला सल्ला ठरलेला असतो: तळे मोठे करा. पाणी जास्त वेळ थांबेल, जास्त गाळ बसेल. पाणी ४८ तास थांबावे, हा ठोकताळाही याच विचारातला. जागा लागते, हे मान्यच. पण आकारमानाला प्रवाहाने भागून आलेले तास कागदावरचे असतात. पाण्यात रंग सोडून पाहिले, तर ते अनेकदा तोंडाकडून सांडव्याकडे सरळ पळताना दिसते आणि कोपऱ्यांतले पाणी जागचे हलत नाही. साचणारा गाळ ही वाट आणखी आखूड करतो. तळे नुसते रुंदावले, तर कोपरे तेवढे वाढतात.

दुसरा सल्ला रसायनांचा. पाणी तीव्र आम्ल असेल किंवा लोह फार असेल, तिथे चुना वा हायड्रोजन पेरॉक्साइड लागतेच. पण खाण पिढ्यान्‌पिढ्या पाझरते. जिथे हवेने भागते, तिथे रसायनांचा कायमचा खर्च नदीच्या गळ्यात का बांधायचा?

हवेचे गणित सोपे आहे. १ ग्रॅम ऑक्सिजन सुमारे ७ ग्रॅम लोहाला पुरतो. हवा मिसळावी म्हणून पायऱ्यांवरून पाडलेले पाणी लीटरमागे जेमतेम १० मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते. म्हणजे लोह ७० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर पायऱ्यांचा दुसरा टप्पा हवाच. शिवाय पाणी जोरात घुसळले, की कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो. पीएच एका अंकाने चढला, की अशा पाण्यात लोहाचे ऑक्सिडीकरण सुमारे शंभरपट वेगाने होते. तळ्यात तरंगते पडदे आडवे टाकले, तर पाण्याला वळसे घ्यावे लागतात आणि कोपरेही कामाला लागतात.

म्हणून क्रम असा हवा: रंग सोडून खरा वेळ मोजा, हवा वाढवा, पडदे टाका, गाळ वेळेवर उपसा. एवढे करूनही सांडव्यावर लोह उरले, तर नव्या तळ्यासाठी जमीन जरूर मागा. तेव्हा ती मागणी नाकारायला कोणालाही तोंड उरणार नाही.