खालाचा रोजा



दीर्घ आजार शरीर थकवतो. पण ‘आता आपण अल्लाहच्या कामाचे राहिलो नाही की काय’ ही शंका माणसाला त्याहून जास्त पोखरते. हे आम्हाला कळले ते हिर्डोशीला, आमच्या खालाच्या घरी.

भोरहून वरंधा घाटाकडे निघाले की नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेने हिर्डोशी लागते. पावसाळ्यात इथे पाऊस उसंत देत नाही. वीज गेली की लवकर येत नाही, दरड आली की घाट बंद. खालाला मधुमेह जुना. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावे लागे. फ्रिज बंद पडला की ती इन्सुलिनची बाटली माठाला टेकवून ठेवायची.

2014 चा रमजान ऐन पावसाळ्यात आला. रोजा चौदा तासांच्या वर. डॉक्टरांनी रोजे नकोत म्हणून सांगितले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. तरी खालाने इन्सुलिन अर्धे करून रोजे धरले. आणि आम्ही भावंडांनी काय केले? “माशाअल्लाह, खाला, या वयात!” म्हणून कौतुक केले.

एका दुपारी लावणीवरून परतलेल्या शेजारच्या काकू सहज डोकावल्या. खाला घामाने निथळत होती, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. काकूंनी साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजले. थोड्या वेळाने शुद्धीवर आल्यावर खाला पहिले वाक्य बोलली, “माझा रोजा गेला गं.” जीव वाचल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर नव्हता.

हा धोका काही एकट्या खालाचा नाही. 2001 मध्ये 13 देशांतील मुस्लिम मधुमेहींची पाहणी झाली. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात, रक्तातली साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रकार रमजानात सुमारे साडेसात पटींनी वाढलेले आढळले.

ईदनंतर आम्ही तिला भोरच्या एका मौलानांकडे नेले. त्यांनी सूरह बकराची 184 आणि 185 वी आयत समजावली. आजारी माणसाला तिथे स्पष्ट सवलत आहे, आणि अल्लाहला आपल्यासाठी सोपे हवे आहे, कठीण नको, हेही तिथेच सांगितले आहे. बरे होण्याची आशा नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवण, म्हणजे फिदिया. मग त्यांनी हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांची गोष्ट सांगितली. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. नमाज कशी पढावी, असे त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले. उभे राहून पढावी, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर, असे उत्तर मिळाले. सहीह बुखारीत ही हदीस आहे.

खाला बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे त्या आजारी माणसाने विचारले म्हणून आज आपल्या सगळ्यांना बसून नमाज पढता येते?”

तेव्हापासून तिचा रमजान बदलला. सहरीला ती सगळ्यांच्या आधी उठते, भाकरी थापते, खुर्चीवर बसून नमाज पढते. बिस्मिल्लाह म्हणून इन्सुलिन घेते आणि वेळेवर जेवते. फिदियाचे तांदूळ स्वतः निवडते. अजूनही इफ्तारच्या वेळी तिचे डोळे भरून येतात. ती हळहळ गेली नाही. पण हजरत अय्यूब (अलै.) यांनीही आपले दुःख अल्लाहपुढे मांडले होतेच. सब्र म्हणजे वेदना लपवणे नव्हे, हे ती आता आम्हाला सांगते.

ज्यांच्या घरी मधुमेही आहे त्यांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे. डॉक्टरांच्या परवानगीने रोजा धरला असेल तरी बोटातून रक्त काढून साखर तपासत राहावी. त्याने रोजा तुटत नाही. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा लगेच सोडावा. आणि आजाऱ्याच्या हट्टाचे कौतुक करू नये. ती चूक आम्ही केली आहे. त्या दुपारी काकू डोकावल्या नसत्या, तर आज हे लिहायची हिंमत आम्हाला झाली नसती.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि घरच्यांना समज. आमीन.