स्त्रीची कमाई आणि तिचे मृत्युपत्र

लग्नानंतर तीन महिन्यांतच एक स्त्री विधवा झाली. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी आसरा दिला, शिकविले. पुढे तिने नोकरी केली आणि १९९६ साली मृत्युपत्र न करताच ती निवर्तली. मागे राहिली ती बँकेतील शिल्लक आणि प्रॉव्हिडंट फंडाची भरघोस रक्कम. ती कोणाला मिळावी? पतीच्या वारसांना, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिला. सहानुभूतीवरून हक्क ठरत नाहीत, अशीच न्यायालयाची भूमिका होती.

न्यायालयाला दोष देऊन भागणार नाही. खरा दोष १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातील कलम १५ चा आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर पत्नी व मुलांच्या बरोबरीने त्याच्या आईलाही वाटा मिळतो. विवाहित स्त्रीच्या बाबतीत मात्र पहिला हक्क मुलांचा व पतीचा; ते नसतील तर पतीच्या वारसांचा; आणि त्यांच्यानंतर तिच्या जन्मदात्यांचा! आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता निःसंतान स्त्रीच्या पश्चात वडिलांच्या वारसांकडे जाते, हे खरे; परंतु तिच्या स्वकष्टार्जित धनासाठी अशी वेगळी तरतूद नाही. स्वतः पगार मिळविणारी स्त्री त्या वेळच्या कायदेकर्त्यांच्या डोळ्यांसमोर नसावी. विधी आयोगाने २००८ साली बदल सुचविला. पण कलम तसेच राहिले.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. ही सुधारणा मोलाची होती, यात शंका नाही. पण तिच्यात विचार झाला तो स्त्रीला काय मिळावे याचा. तिने मिळविलेले कोणाकडे जावे, याचा नव्हे.

तोवर उपाय एकच, आणि तो म्हणजे मृत्युपत्र. त्याला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांच्या समक्ष सही करावी आणि त्यांनीही साक्ष म्हणून सही करावी, एवढे पुरते. तरीही आपल्याकडे ते अभद्र मानले जाते, किंवा इस्टेटवाल्या पुरुषांचे काम समजले जाते. मुलींना वगळण्यासाठी बापाने वापरलेले हे साधन मुलीने आपल्या आईसाठी का वापरू नये? नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हिंदू स्त्रियांना मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले, ते याच कलमासंबंधीच्या सुनावणीत.

शाळेत शिकविणाऱ्या, कचेरीत काम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीने ते मनावर घ्यावे. तथापि मृत्यू सवड देऊन येत नाही. ज्या कायद्याच्या तडाख्यातून सुटण्यासाठी नागरिकाला आधीच कागद करून ठेवावा लागतो, तो कायदा सुधारण्याची जबाबदारी संसदेची आहे. ती स्त्रियांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.