मोजणीत नसलेला कोयता

गेल्या शुक्रवारी ऑफिसात एक मेल आला. मानसिक आरोग्याचा सर्व्हे. दहा-बारा प्रश्न, सगळे मोबाईलवर. झोप नीट लागते का, उदास वाटतं का, कामात रस वाटतो का... चहा संपायच्या आत टिकमार्क करून मी मोकळा.

शनिवारी गावाकडं निघालो. कराड मागं टाकून सांगलीच्या बाजूला आत वळलो, तर रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या. पाचटाच्या, वरून प्लास्टिकचा कागद. एक बाई लेकराला झोळीत टाकून चूल पेटवत होती. वाटलं, हिला कधी कुणी विचारलं असेल का, बाई, झोप लागते का?

मग पुढचा विचार. विचारलं तरी काय उपयोग? ट्रक भरायला रात्री-अपरात्री उठावं लागतं, झोप कुठून लागणार? आणि 'कामात रस वाटतो का?' अहो, मुकादमाकडून उचल घेतलीय. ती फिटेपर्यंत रस वाटो न वाटो, फडात जावंच लागतं. म्हणजे माझ्यासाठी बनवलेला फॉर्म तिच्या हातात दिला, तर उत्तर येईल, पण त्याचा अर्थ लागणार नाही.

आणि त्याआधी, ती यादीत तरी सापडेल का? २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्सनं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. दर शंभर प्रौढांमागं साधारण दहा जणांना मानसिक आजार, असा त्याचा निष्कर्ष बरेच जण सांगत असतात. ते बारा राज्यांत झालं होतं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता! बरं, समजा असता. घरोघरी जाणारा माणूस हंगामात बीडच्या गावात गेला, तर दाराला कुलूप. सांगलीत आला, तर कोपीला घर नंबर नाही. दोन्हीकडं ही बाई गैरहजर. त्यात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरीच्या हिशेबातसुद्धा ती एकटी मोजली जात नाही.

आपल्या धंद्यात ज्युनिअर पोरालाही कळतं की लॉगच लिहिला जात नसेल, तर 'एरर नाही' असं म्हणता येत नाही. इथं मात्र आपण तेच म्हणतो. "त्यांना कसलं डिप्रेशन, कष्ट करतात, ढाराढूर झोपतात." हे वाक्य मी आमच्या कँटीनमध्ये कानांनी ऐकलंय.

कोणी म्हणेल, यांचं शरीर तरी मोजलं जातं ना? त्यालाही २०१९ उजाडावं लागलं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचा बोभाटा झाला, सरकारनं समिती नेमली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. जे पोटावरच्या व्रणानं दिसतं, त्याला इतका वेळ. मनावर तर व्रणही दिसत नाही.

नेहमीची सबब: "हे लोक फिरते, फॉलोअप होत नाही." साफ खोटं. दिवाळीनंतर चार-पाच महिने ते आपल्याच तालुक्यात असतात. कुठली टोळी कुठल्या शिवारात आहे, हे कारखान्याच्या शेती विभागाला रोज माहीत असतं. चिटबॉयला विचारा, तो बोट करून दाखवेल. माणसं सापडत नाहीत असं नाही, आपण शोधत नाही.

आणि हे कसं करायचं, तेही परदेशातून शिकायला नको. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेबरोबर वेश्याव्यवसायातल्या बायकांनी एड्सविरोधी काम स्वतः हातात घेतलं, १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. ज्यांच्याबद्दल बोलायचं, त्यांनीच प्रश्न ठरवले. साताऱ्याच्या 'परिवर्तन'नं साध्या माणसांना शिकवून मानसमित्र तयार केले. मग टोळीतल्याच दोघी-तिघींना शिकवून, मजुरी देऊन, त्यांच्याकडून प्रश्न का तयार करून घेऊ नयेत? 'जीव घाबरा होतो', 'डोस्कं सुन्न पडतं' हे त्यांचे शब्द फॉर्ममध्ये का नकोत? मुलाखतीसाठी बाईचा अर्धा दिवस मोडला, तर त्याचे पैसे संशोधनाच्या बजेटमधून गेले पाहिजेत. आणि निष्कर्ष त्यांना कोपीवर जाऊन सांगायला हवा, नुसता इंग्रजी जर्नलात छापून चालणार नाही.

आमच्याकडं डायव्हर्सिटी म्हणजे महिला दिनाचा केक. तो खायला माझी ना नाही. पण मंडळी, मन बरं ठेवणारी ॲप्स आपल्यातलेच काही जण बनवतात. पुढच्या वेळी कुणी 'भारतीयांचं मानसिक आरोग्य' असा चकचकीत ग्राफ दाखवला, की हात वर करून एवढंच विचारा : यात कोप्यांमधली माणसं किती?

रविवारी परतताना त्याच रानाजवळ गाडी हळू केली. ऊस तुटून गेला होता आणि कोप्यांच्या जागी नुसती राख होती. टोळी पुढच्या शिवारात गेली असणार.